लीश परगण्यातला बिबट्या

आयर्लंडमध्ये साप नाहीत. हे मला विमानात बसायच्या आधी चार जणांनी सांगितलं आणि विमानात पाचव्यानं. साप नाहीत, लांडगे नाहीत, अस्वलं नाहीत. रानातलं सगळ्यात दांडगं मांसाहारी जनावर म्हणजे कोल्हा, आणि तोही निम्मा लोकांच्या कचऱ्याच्या डब्यांवर पोसलेला. असल्या निर्धास्त देशात मी तीन महिने राहून आलो आणि येताना तिथं एक बिबट्या सोडून आलो. त्याचीच हकिकत सांगतो. समुद्राचे कडे आणि पडके किल्ले ज्यांना ऐकायचे असतील त्यांनी दुसऱ्या कुणाला गाठावं. तिकडं जाऊन आलेल्यांची आपल्याकडे आता वाण नाही.

आधी माझ्याविषयी, कारण सगळा घोळ तिथूनच आहे. मी वनखात्यात अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली, शेवटी हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो. कचेरी ऊसपट्ट्यातली, म्हणजे बिबट्यांच्या ऐन वस्तीतली. बिबट्यानं शेळी मारली, वासरू ओढून नेलं की पंचनामा व्हायचा, आणि माझं अक्षर बरं म्हणून साहेब मलाच जागेवर घेऊन जायचे. मेलेल्या शेळ्या मी इतक्या पाहिल्या की खाटकानंही पाहिल्या नसतील. जिवंत बिबट्या मात्र एकही पाहिला नाही. आम्ही पोचेपर्यंत तो निघून गेलेला असायचा. वेळेचं भान त्याला आमच्या खात्यापेक्षा जास्त. ही गोष्ट आमच्या सुमनला, म्हणजे सौभाग्यवतींना, पक्की ठाऊक आहे आणि चारचौघांत ती काढायची संधी त्या सोडत नाहीत.

जावयाला ती ठाऊक नव्हती. किंवा असेल, पण त्यानं गैरसोयीची म्हणून बाजूला ठेवली असेल.

क्लोनडॉकिन ओलांडून

आमची केतकी औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे आणि जावई निखिल संगणकवाला. आठवड्यातून दोन दिवस तो चेरीवूडच्या ऑफिसात जातो, उरलेले दिवस घरी बसून भिंतीशी मीटिंगा करतो. आधी दोघं डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला राहायचे. तिथं मनासारखं घर मिळेना म्हणून पोर्टलीशच्या पुढं, लीश परगण्यातल्या एका खेड्यात आले. क्लोनडॉकिनला दर रविवारी मराठी मंडळींकडे पोहे असायचे, त्या पोह्यांची आठवण निखिल अजून काढतो.

खेडं म्हणजे एक चर्च, एक पब, पेट्रोलपंपाला चिकटलेलं एक दुकान आणि एक सार्वजनिक हॉल. बाकी हिरवं. इतकं हिरवं की चौथ्या दिवशी सुमन म्हणाली, जरा कुठं उघडी माती दिसली तर बरं वाटेल. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांचं कुंपण. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो. मला वाटलं थांबायला सांगतोय. पहिला आठवडाभर मी प्रत्येक गाडीला थांबत होतो आणि प्रत्येक गाडीवाला गोंधळून मलाच विचारत होता, काही हवंय का? हा त्यांचा रामराम आहे हे कळल्यावर मीही बोट वर करायला लागलो. पण माझं बोट कचेरीतलं. ते हरकत घेतल्यासारखं वर जातं, असं सुमनचं मत पडलं.

शेजारी नोरीन राहायची. वय सत्तरीच्या पुढं, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, पाठ ताठ. पहिल्याच दिवशी गव्हाच्या जाड्याभरड्या पिठाचा घरी भाजलेला ब्रेड घेऊन आली आणि मला सरळ वसंत म्हणायला लागली. चाळीस वर्षांत सुमननं न घेतलेलं नाव त्या बाईनं चाळीस सेकंदांत घेतलं. सुमननं तिला थालीपीठ दिलं. तिनं त्यावर लोणी आणि तिथल्या कुठल्याशा तांबूस आंबट देठांचा मुरंबा लावून खाल्लं आणि 'ग्रँड' म्हणाली. तिथं सगळंच ग्रँड असतं. पाऊस थांबला की ग्रँड, गुडघा दुखायचा राहिला की ग्रँड, आणि तुम्ही गाडीखाली येता येता वाचलात तरी उठून ग्रँडच म्हणायचं असतं.

नोरीनची कुत्री मॉली. मेंढ्या वळणाऱ्या जातीची, काळी, छातीवर रुमालाएवढा पांढरा डाग, म्हातारी झालेली पण हौस न गेलेली. नोरीनच्या नवऱ्यानं वाढवलेलं हे शेवटचं जनावर. त्याच्या खुर्चीवर बसायची परवानगी घरात फक्त मॉलीला होती. मी एकदा चुकून बसलो तर मॉली समोर येऊन उभी राहिली, मी उठेपर्यंत. सुमननं जन्मात कुत्र्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. पंधरा दिवसांत ती मॉलीसाठी बिनमिरचीचं थालीपीठ वेगळं थापायला लागली.

शिकारीसाठी राखीव

गावातल्या प्रत्येक फाटकावर एक पाटी असते की ही जमीन अमुक गन क्लबनं राखलेली आहे. म्हणजे शेत एकाचं आणि त्यातल्या पाखरांवर हक्क क्लबचा. क्लबचे अध्यक्ष डेक्लन, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार, सहा फूट उंच आणि स्वभावानं फार गोड. निखिलनं त्यांना पबमध्ये माझी ओळख करून दिली ती अशी: माझे सासरे, भारतातले बिबट्यातज्ज्ञ, अठ्ठावीस वर्षं बिबट्यांबरोबर काढली आहेत. मी तोंड उघडलं होतं. पण डेक्लननी माझा हात दोन्ही हातांत घेतला, आजूबाजूची चार माणसं स्टूल सरकवून जवळ आली, आणि मी तोंड मिटलं. गुन्हा घडला तो तिथंच, पुढचं सगळं त्याचे हप्ते.

दुसऱ्या दिवशी डेक्लननी मला जीपमधून सगळं शिकाररान दाखवलं. फेजंट नावाचा रानकोंबडा त्यांचा लाडका. उन्हाळ्यात त्याची पिल्लं खोक्यांतून विकत आणतात. झाडीत जाळीचा मोठा पिंजरा बांधतात, दाणापाणी करतात, औषधं देतात, थंडी वाजू नये म्हणून आडोसे करतात, कोल्ह्याकावळ्यांपासून डोळ्यांत तेल घालून जपतात. मग हळूहळू रानात सोडतात आणि नोव्हेंबर उजाडला की रांगेत उभं राहून त्यांना गोळ्या घालतात. डेक्लन एका पिल्लाला तळहातावर घेऊन त्याच्या पंखाखाली फुंकर घालत मला हे सांगत होते. आमच्या मामांकडेही जत्रेचा बोकड असाच वाढायचा, त्याला पोरं गूळ भरवायची. तेव्हा मी नावं ठेवायचं कारण नव्हतं.

डेक्लननी आणखी बरंच सांगितलं, आणि ते खरंच ऐकण्यासारखं होतं. त्यांच्या लहानपणी दलदलीत कर्ल्यू नावाचा लांब चोचीचा पक्षी रोज संध्याकाळी शीळ घालायचा, आता कैक वर्षांत ऐकलेला नाही. ससे कमी झालेत, हरणं वाढलीत. बझार्ड नावाची मोठी घार पिढीभर दिसली नव्हती, ती आता डोक्यावर घिरट्या घालते. बाहेरून आणलेल्या करड्या खारींनी मूळच्या तांबड्या खारींना हुसकून लावलं होतं. आता करड्या गेल्या आणि तांबड्या परत आल्या. मी विचारलं, हे कुणी केलं? डेक्लन जरा आवाज उतरवून म्हणाले, पाइन मार्टिननं.

हा मार्टिन म्हणजे आपल्या उदमांजराचा दूरचा नातेवाईक. मांजराएवढा, लांबुळका, तपकिरी, गळ्याखाली दुधी डाग, झाडावर चढण्यात पटाईत. जवळजवळ संपलेला होता, कायद्यानं संरक्षण दिलं तेव्हा परतला. त्याला हात लावला तर खटला. त्यामुळे क्लबमध्ये त्याचं नाव, आपल्याकडे बदली न होणाऱ्या अधिकाऱ्याचं घेतात, तसं घेतात. मीही सांगितलं की आमच्याकडे ऊस आला आणि बिबट्या उसात राहायला आला. उसात जन्मलेल्या बिबट्याला जंगल ठाऊकच नाही. नेमके किती आहेत हे कुणी धड मोजलेलं नाही, पण प्रत्येक आमदाराकडे स्वतःचा आकडा आहे. डेक्लन म्हणाले, आमच्याकडेही अगदी हेच. आमची गट्टी जमली.

मग त्यांनी हळूच विषय काढला. परगण्यात तीन वर्षांपासून एक काळा बिबट्या दिसतो. पोस्टमननं पाहिलाय. लग्नाच्या वऱ्हाडानं बसमधून पाहिलाय. खुद्द डेक्लननी धुक्यात पाहिलाय. काळा, लांब शेपूट, रस्ता ओलांडताना, साधारण लॅब्रेडॉरएवढा. लॅब्रेडॉरएवढा आहे तर लॅब्रेडॉरच असेल, असं मी म्हटलं नाही. कुणाच्या तरी सर्कशीतून किंवा खाजगी पिंजऱ्यातून सुटला असावा, असा तज्ज्ञाला शोभेलसा हुंकार भरला आणि त्यांनी दिलेलं उकडलेलं अंडं खाल्लं.

पंचनामा

ऑगस्टच्या मध्यावर एका सकाळी डेक्लन दारात आले. चेहरा उतरलेला. पिंजऱ्यात रात्रीतून सतरा पिल्लं मेली होती. शिवाय पहाटे मॉली पिंजऱ्याच्या कुंपणाशी सापडली होती, तोंडात एक मेलेलं पिल्लू घेऊन. डेक्लन फार सौम्य शब्दांत म्हणाले की नोरीनबद्दल मला आदर आहे, तिचा नवरा माझा मित्र होता, पण चटक लागलेलं कुत्रं ठेवता येत नाही. गुरुवारी क्लबची सभा आहे, तिथं ठरेल. त्याआधी तुम्ही एकदा जागा पाहा.

मी गेलो. आणि खरं सांगतो, त्या जागेवर पाऊल टाकताच माझी निवृत्ती गळून पडली. मी म्हटलं, पंचनामा करायचा असेल तर रीतसर होईल. मला पाच पंच लागतील, प्रतिष्ठित, ज्यांचा या प्रकरणात स्वार्थ नाही असे. गावात असे पाच सापडेनात, कारण सगळेच क्लबचे सभासद. शेवटी सभासदच घेतले. आपल्याकडेही असंच करतात. मी लिहायच्या पॅडला कागद लावला आणि चतुःसीमा लिहिल्या: पूर्वेस टॉम यांचं मेंढ्यांचं कुरण, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस ओढा, दक्षिणेस झाडी. हा टॉम म्हणजे त्या जमिनीचा मालक, साठीचा ब्रह्मचारी, दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. तो माझ्यामागे टेप धरून चालला आणि प्रत्येक माप दोनदा मोजलं. पंच रांगेत टोप्या काढून उभे होते. इतक्या आदरानं माझा पंचनामा कुणी पाहिला नव्हता.

पंचनाम्याचा नियम एकच. जे दिसतं ते लिहायचं, जे सांगितलं ते नाही. मला काय दिसलं ते सांगतो. खालची जाळी शाबूत होती, जमीन कुठंही उकरलेली नव्हती. छताची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली होती आणि त्या कोपऱ्यावर बरोबर एका झाडाची फांदी आलेली होती. फांदीवर ओरखडे. पिंजऱ्याशेजारच्या धोंड्यावर, अगदी मधोमध, बोरांच्या बियांनी भरलेली वळकटीदार विष्ठा. पिल्लांच्या मानेवर बारीक दातांच्या खुणा, बरीचशी खाल्लेलीसुद्धा नाहीत. आता अकरा वर्षांची कुत्री फांदीवर चढून छतातून उतरत नाही आणि जाताना धोंड्यावर सही ठेवून जात नाही. बिबट्या तर बोलायलाच नको. मॉलीला बाहेर पडलेलं एक मेलेलं पिल्लू मिळालं, तिनं उचललं, एवढंच.

मी वर पाहत होतो तेव्हा डेक्लनही वर पाहत होते. आमची नजर एक झाली. ते लगेच खाली बघायला लागले आणि म्हणाले की मार्टिन असला तर फार कटकट आहे. सरकारला अर्ज करायचा, माणूस येऊन पाहणार, मग फांद्या छाटा, विजेची तार लावा, आणि त्याचा केससुद्धा वाकडा करता येणार नाही. मला त्या अर्जाचा नमुना बघायची फार इच्छा झाली होती, पण मी गप्प बसलो. निष्कर्षाची ओळ कोरी ठेवली. सभेत सांगेन म्हटलं.

बुधवारी नोरीन आली. मॉली बरोबर होती, गळ्यात पहिल्यांदाच दोरी. सुमननं चहा ठेवला. नोरीननं कप हातात धरला पण प्यायली नाही. म्हणाली, "वसंत, तुम्ही बिबट्या म्हणालात तर ते मॉलीला हात लावणार नाहीत. त्यांना तो बिबट्या हवाच आहे. आणि त्यात कुणाचं काय जातंय?"

मी तिला सांगायला हवं होतं की मॉलीला वाचवायला जे खरं आहे तेच पुरेसं आहे, वर फाटलेली जाळी आहे, चला दाखवतो. पण मला ठाऊक होतं की सभेत ते खरं कुणालाच नको आहे. आणि मला एक जुनी गोष्टही आठवत होती. आमच्या भागातल्या एका गावात तीन शेळ्या मेल्या होत्या. माझ्या डोळ्यांना स्पष्ट दिसत होतं की भटक्या कुत्र्यांचं काम आहे. गाव चिडलेलं, साहेब म्हणाले बिबट्या लिहा, पिंजरा लावून टाकू, गाव शांत होईल. मी लिहिलं. आठव्या दिवशी एक मादी पिंजऱ्यात सापडली. तिला नेलं ते कायमचं. गावातले सगळे तिला बघायला गेले, मी गेलो नाही. म्हणूनच आजही मी म्हणू शकतो की मी बिबट्या पाहिलेला नाही.

ती गोष्ट मला वर्षानुवर्षं टोचत आली आहे. पण त्या बुधवारी मी स्वतःला म्हटलं, इथं बिबट्याच नाही, मग पिंजऱ्यात जाणार कोण? असलं निरुपद्रवी खोटं जन्मात एकदाच वाट्याला येतं. मी नोरीनला म्हटलं, बघतो. सुमन माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं आणि तीही मॉलीकडे बघून गप्प बसली.

सभा

गन क्लबची सभा म्हणजे आपल्या सोसायटीच्या सभेची सख्खी बहीण. गैरहजरांची क्षमायाचना वाचली, मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर झालं, मंजुरीवर एकानं हरकत घेतली. मग चहा आणि हॅमचे सँडविच. गुरुवार होता, तेव्हा मी नुसता ब्रेड कुरतडत बसलो. अर्ध्या तासानं डेक्लननी मुख्य विषय घेतला, आणि तो घेतला तो असा: पिल्लं कुणी मारली यावर आधी सभेचा कल पाहू. हात वर करा.

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी सरकारचे बरेच नमुने पाहिले, पण शेळी कुणी खाल्ली यावर मतदान घ्यायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कुत्री: नऊ हात. बिबट्या: आठ. कोल्हा: एक, तो टॉमचा. दरवर्षी तो कोल्ह्यालाच देतो म्हणे. मार्टिन: एकही नाही. त्याचं नाव घेतल्यावर लोक बुटांकडे बघायला लागले. नोरीन मागच्या रांगेत, हातमोजे मांडीवर ठेवून बसली होती. एका मतानं मॉली जात होती.

डेक्लन म्हणाले, आता आपण तज्ज्ञांचं ऐकू.

मी उठलो. आता तुम्हांला सांगायला लाज वाटते, पण मी वीस मिनिटं बोललो. एका वाक्यात काम होतं. मी त्यांना उसातले डोळे सांगितले, पहाटेचा गुरगुराट सांगितला, पायवाटेवरचा ठसा तळहातानं कसा मोजतात ते टेबलावर करून दाखवलं. बिबट्या झाडावर चढतो, वरून येतो, आवाज करत नाही, पोट भरलेलं असलं तरी मारतो. छताची जाळी आणि फांदी, सगळं मी त्याच्या नावावर चढवलं.  शेवटी मी चष्मा काढून म्हटलं की माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवानुसार हे काम मोठ्या मार्जारवर्गीय प्राण्याचं आहे, कुत्र्याचं नाही. टाळ्या पडल्या. पंचनाम्यातल्या कोऱ्या ओळीत मी 'बिबट्या' असं लिहिलं. पाचही पंचांनी मराठी पंचनाम्याखाली एक अक्षर न वाचता सह्या केल्या. टॉमही माझ्याजवळ आला, हात हातात घेतला आणि म्हणाला की आयुष्यात पहिल्यांदा त्याचं मत बदललं.  हॉलच्या दाराशी बांधलेल्या मॉलीची दोरी नोरीननं तिथंच सोडली.

पुढचे पंधरा दिवस मी गावचा पाहुणा होतो. स्थानिक पेपरात फोटो आला, हातात पंचनामा धरलेला. दुकानातली बाई कॉफीचे पैसे घेईना. गाड्यांवरची बोटं दोन-दोन वर जायला लागली. निखिलच्या ऑफिसात कुणीतरी मीटिंगच्या सुरुवातीला माझी चौकशी केली म्हणून तो खूश. केतकी एकदा म्हणाली, बाबा, तुम्ही मला लहानपणी कधीच सांगितलं नाहीत हे सगळं. सुमन भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली. 

दरम्यान पिंजऱ्यात आणखी सहा पिल्लं गेली. फांदी तशीच होती, ती छाटायची कुणाला गरज वाटली नाही. बिबट्याला फांदी छाटून काय होणार? त्याऐवजी डेक्लननी पहारे बसवले. जोडी-जोडीनं सभासद सकाळी आणि सांजेला कुंपणाकडेनं बंदुका घेऊन बसायचे. आधी फोटो काढायचा, मग गोळी, असा ठराव झाला होता. मला कुणीतरी विचारलं की धुक्यात त्याला ओळखायचं कसं? मी म्हटलं, काळा, जमिनीलगत, आवाज न करता येतो.

सप्टेंबर

सप्टेंबरात तिथं सकाळी धुकं असं बसतं की अंगणातलं फाटक दिसत नाही. आमचं परतीचं तिकीट चार दिवसांवर आलं होतं. सुमन कुंपणावरची काळी बोरं तोडून त्यांचा मुरंबा करत होती; रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुकट पिकलेली ती बोरं कुणी तोडत नाही याचं तिला रोज नव्यानं दुःख व्हायचं. साडेसातच्या सुमारास एक बार ऐकू आला. मग काहीच नाही. मग कुणीतरी नोरीनला हाक मारत असल्याचा आवाज.

मॉली ओढ्याच्या अलीकडं पडली होती. टॉम तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला होता, बंदूक गवतात पडलेली. तो कुणाकडेच बघत नव्हता. नोरीन घरातल्या चपला घालूनच धावत आली होती. तिनं मॉलीचं डोकं मांडीवर घेतलं आणि छातीवरच्या पांढऱ्या डागावर हात ठेवून बसली. मी दहा पावलांवर उभा होतो.  मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

डेक्लननी दुपारी मला बाजूला घेतलं. घटनेचा एक कागद केला तर बरं पडेल म्हणाले, तुमच्या पद्धतीचा, पंच तयार आहेत. अपघात होता एवढंच लिहायचं. मी म्हटलं, माझ्याकडे शाई संपली. ते म्हणाले, ग्रँड.

तिसऱ्या दिवशी मी आणि सुमन नोरीनकडे गेलो. मॉलीला तिनं परसात पुरलं होतं. तिनं चहा केला. मॉलीच्या त्या खुर्चीवर आता कुणीच बसलेलं नव्हतं आणि मीही बसलो नाही, उभा राहिलो. मी उभ्यानंच तिला सांगितलं की मी कारकून होतो, बिबट्या मी कधी पाहिलेला नाही, आणि पंचनाम्याच्याच दिवशी मला दिसलं होतं की हे मार्टिनचं काम आहे. सभेत तेवढं सांगितलं असतं तर लोक नाराज झाले असते, पण मॉली सुटली असती.

नोरीन म्हणाली, "बिबट्या म्हणा असं मीच सांगितलं होतं."

"तुम्ही मॉलीसाठी सांगितलंत," मी म्हटलं. "मला टाळ्या आवडल्या."

सुमन माझ्याकडे बघत होती. चाळीस वर्षांत मी तिच्यासमोर इतकं खरं कधी बोललो नव्हतो. नोरीननं बराच वेळ कपातला चमचा फिरवला. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मग ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? टॉमला जाऊन सांगा. तो रोज सकाळी तिथंच जाऊन बसतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे, विमानाच्या दिवशी, मी एकटाच गेलो. टॉम ओढ्याकाठच्या दगडी बांधावर बसला होता. बंदूक मांडीवर. दाढी वाढलेली. मला पाहून त्यानं सरकून जागा दिली आणि हळू आवाजात म्हणाला की तो बिबट्या अजून मोकळाच आहे, त्या दिवशी त्यानं हूल दिली आणि मॉली मध्ये आली. पण मी त्याला सोडणार नाही. त्या माणसाच्या तोंडून इतके शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मी त्याला सगळं सांगितलं. फांदी, जाळी, धोंडा, मतदान, वीस मिनिटं. बिबट्या नाही, कधीच नव्हता, हे तीनदा सांगितलं. तो धुक्याकडे बघत ऐकत होता. मग त्यानं बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं काढली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बांधावर ठेवली.

"मग मी गोळी कशावर झाडली?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "मी लिहिलं होतं त्याच्यावर."